ग्रहांची घरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी तरी चार शब्द बोलावेत अशी आपल्या मंडळाची रीत आहे. एरवी बाहेरून वक्ते येतात, त्यांना शाल-नारळ मिळतो, आणि चहा होईपर्यंत आपण त्यांचे भाषण विसरून जातो. या खेपेस चिटणीसबाईंनी मलाच धरले आणि विषयही त्यांनीच दिला: राशी व राशींचे स्वामी यांचा आध्यात्मिक अर्थ. विषय ऐकून मला प्रथम हसू आले, कारण शनिवारच्या भजनानंतर तुमच्यापैकी निम्म्याजणी मला जिन्यात गाठतात आणि "माझ्या राशीचा स्वामी कोण हो, आणि तो सध्या कुठे आहे?" असे विचारतात. जणू काही तो घरातून रुसून निघून गेला आहे आणि मी त्याला एस. टी. स्टँडवर पाहिले आहे!

मी ज्योतिषी नव्हे. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, गोदाकाठच्या एका खेड्यात जोशीपण करीत. त्यांच्याजवळ बसून पाटीवर कुंडली मांडायला मी शिकले, एवढेच माझे भांडवल. तेव्हा जे सांगेन ते त्या पाटीवरचे सांगेन, आणि त्याच पाटीमुळे माझ्या हातून एकदा जी चूक झाली तीही सांगेन. ती सांगायची म्हणूनच मी या विषयाला होकार दिला.

राशींचे स्वामी नानांनी माझ्याकडून घोकून घेतले नाहीत. त्यांनी ओसरीवर ज्वारीचे बारा दाणे गोल मांडले आणि म्हणाले, "ही बारा घरे. आता पंगत बसवू." प्रथम सूर्य आणि चंद्र यांना शेजारी शेजारी बसविले, सूर्याला सिंह रास दिली, चंद्राला कर्क. मग दोन्ही बाजूंनी एकेक पान मांडीत जायचे. सूर्याच्या बाजूला कन्या, चंद्राच्या बाजूला मिथुन. ही दोन्ही घरे बुधाची. त्यांच्यापलीकडे तूळ आणि वृषभ, ती शुक्राची. पुढे वृश्चिक आणि मेष, मंगळाची. त्यापुढे धनू आणि मीन, गुरूची. आणि सर्वांत शेवटी, राजाराणीच्या अगदी समोर, मकर आणि कुंभ ही दोन घरे शनीची. भगिनींनो, उद्या रांगोळीचे बारा ठिपके देऊन हे मांडून पाहा. एकदा मांडले की जन्मात विसरत नाही.

ही पंगत कोणी मनाने बसविलेली नाही, हे मला पुढे कळले. बुध हा सूर्याला सोडून कधी फार दूर जात नाही, अठ्ठावीस अंशांच्या आतच घुटमळतो; म्हणून तो सूर्याजवळ. शुक्र त्याहून थोडा लांब, सत्तेचाळीस अंशांपर्यंत जातो. मंगळाला राशिचक्राची एक फेरी करायला दोन वर्षांना थोडी कमी लागतात, गुरूला बारा वर्षे, आणि शनीला साडेएकोणतीस. जो सर्वांत सावकाश चालतो त्याचे पान सर्वांत शेवटी. शेवटच्या पंगतीला घरात कोण बसते हे तुम्हाला मी सांगायला नको! राहू आणि केतू यांना मात्र या मांडणीत घरच नाही. सूर्याची आणि चंद्राची वाट एकमेकींना जिथे छेदते ती ही दोन स्थाने. त्यांना अंगच नाही, तर अंगण कोठून असणार?

आता अध्यात्माकडे येते. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहज्जातक' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रहांचा एक दरबार आहे: सूर्य-चंद्र राजे, बुध राजपुत्र, मंगळ सेनापती, गुरू आणि शुक्र मंत्री, शनी सेवक. आणि हा दरबार बाहेर कोठे नसून काळपुरुषाच्या म्हणजे माणसाच्याच आत आहे असे तो सांगतो. सूर्य हा आत्मा, चंद्र हे मन, मंगळ हे बळ, बुध ही वाणी, गुरू हे ज्ञान आणि सुख, शुक्र ही इच्छा, शनी हे दुःख. एवढे लक्षात ठेवून ज्वारीच्या दाण्यांकडे पुन्हा पाहिले की पंगतीचा अर्थ उलगडू लागतो. सूर्य-चंद्रांना एकेक घर. बाकी पाचांना प्रत्येकी दोन. का? तर त्यांतले एक मनाच्या बाजूला आहे आणि एक आत्म्याच्या बाजूला.

वाणीचेच पाहा ना. बुधाचे चंद्राकडचे घर मिथुन. तेथे जुन्या चित्रात एक जोडपे आहे, त्याच्या हाती गदा, तिच्या हाती वीणा. म्हणजे बोलणे, गाणे, आणि प्रसंगी भांडणेही! बुधाचे सूर्याकडचे घर कन्या. तेथे नावेत बसलेली एक मुलगी आहे, तिच्या एका हातात धान्य आणि दुसऱ्या हातात अग्नी. ती काही बोलत नाही. धान्य आणि विस्तव घेऊन ती पाणी ओलांडते आहे. मला हे चित्र फार आवडते. वाणी मनाकडे वळली की गप्पा होते, आत्म्याकडे वळली की चूल पेटविण्याइतकी उपयोगी होते. आपल्याला दोन्ही घरे लागतात. नुसत्या कन्येत राहू म्हणाल तर भिशीला कोणी येणार नाही.

गुरूचेही तसेच. सूर्याकडे धनू, म्हणजे कमरेखाली घोडा असलेला धनुर्धर. ज्ञान तेथे नेम धरून आहे. चंद्राकडे मीन, म्हणजे एकमेकांच्या शेपटीकडे तोंड केलेले दोन मासे. तेथे ज्ञानाला पाणी सुटले आहे, ते दयाळू झाले आहे. आपण अंबडकर तर माशाच्या आकाराच्या टेकडीच्या सावलीत राहतो. मत्स्योदरी देवीच्या टेकडीचा आणि मीन राशीचा शास्त्रात काही संबंध आहे असे मी म्हणणार नाही. पण नवरात्रात पायऱ्या चढताना मला गुरूचे हे ओले घर आठवते खरे.

राहिला शनी. त्याचे नाव काढले की आपल्या बायका पदर सावरून बसतात. लहानपणी मी आजीबरोबर नदीपलीकडे राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला जात असे. आजीच्या हातात तेलाची बाटली आणि तोंडात शनिमाहात्म्यातल्या विक्रमराजाची गोष्ट. हातपाय तोडलेला राजा तेल्याच्या घाण्यावर बसला आहे, हे ऐकून मी रात्री झोपत नसे. नाना मला म्हणत, "तू त्याचे घर पाहिलेस का? राजाच्या दाराशी डोळ्यांस डोळा भिडवून बसलेला हा एकटाच." आणि खरेच, सिंहेच्या बरोबर समोर कुंभ येते आणि कर्केच्या बरोबर समोर मकर. आत्म्याने मान वर केली की समोर दुःख आणि कष्ट दिसावेत, अशी ही बैठक आहे. चाकराकडे राजाने पाठ फिरवून बसायचे नाही.

येथे थोडे थांबून दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत, नाही तर नाना मला रागावतील.

पहिली अशी की हे सारे वेदांत आहे असे आपण समजतो, ते बरोबर नाही. वेदांत नक्षत्रे आहेत. मेष-वृषभ या राशी तेथे नाहीत. वेदांगज्योतिषातही त्या नाहीत. वराहमिहिराने स्वतः राशींची यवनी नावे नोंदवून ठेवली आहेत, क्रिय, तावुरि, जितुम, लेय, जूक अशी; आणि राशिस्वामींची हीच पंगत दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनेही मांडली आहे. ज्यांना या इतिहासाची गोडी असेल त्यांनी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ वाचावा. मराठीत एवढे मोठे काम झाले आहे याचा अभिमान वाटेल. पंगत बाहेरून आली म्हणून माझ्या मनात तिची किंमत उतरली नाही. मिरचीही बाहेरूनच आली. तिच्यावाचून आपला ठेचा होतो का?

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रातच ज्योतिषाची एक चाचणी घेतली आणि २००९ साली तिचे निष्कर्ष 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापले. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळेवरून पत्रिका मांडल्या, त्या मिसळल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन विचारले की यातली कोणती कोणाची? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांपैकी बरोबर आली शंभरात सरासरी शेहेचाळीस. नाणे उडविले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या. त्यांची बरोबर आली एकशे दोन. नारळीकर २०२५ साली गेले, तेव्हा मी हा लेख पुन्हा काढून वाचला. त्याला उत्तर द्यायचे म्हणून पुष्कळांनी पुष्कळ लिहिले, पण मला तरी त्यात उत्तर सापडले नाही.

तेव्हा पत्रिकेवरून मुलगा कलेक्टर होईल की नाही हे कळत नाही, असे मी आता मानते. मग ही घरे कशाला सांगतेस, असे तुम्ही विचाराल. ती मी आरशासारखी वापरते. आरसा उद्याचे सांगत नाही, कुंकू वाकडे लागले आहे एवढे मात्र सांगतो. पाश्चात्त्य ज्योतिषांनी हर्षल, नेपच्यून आणि प्लुटो सापडल्यावर कुंभ, मीन आणि वृश्चिक ही घरे त्यांच्या नावे करून दिली. २००६ साली प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढले, तेव्हा वृश्चिकेच्या उताऱ्यावर कोणाचे नाव लावायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला असेल! आपल्या जुन्या पंगतीत ही भानगड नाही, कारण ती ग्रहांची खानेसुमारी नाही. मन आणि आत्मा यांच्या दोन बाजूंना आपले गुण कसे बसले आहेत याचे ते चित्र आहे.

आता या चित्रातले आपल्या रोजच्या ओळखीचे एक पान उघडते. संक्रांत. पौषात आपण काळी चंद्रकळा नेसतो, तीळ कुटतो, हलव्याचे दागिने करतो. कशासाठी? तर सूर्य मकरेत जातो म्हणून. मकर कोणाची? शनीची. शनी कोणाचा? सूर्याचाच मुलगा, छायेच्या पोटचा, आणि बापाशी उभा दावा. ग्रहांच्या मैत्रीच्या कोष्टकात सूर्याच्या नावापुढे शत्रू म्हणून शनी लिहिलेला आहे आणि शनीच्या नावापुढे सूर्य. असा हा बाप दर वर्षी मुलाच्या घरी जातो, आणि एकदोन दिवस नाही, मकर आणि कुंभ मिळून चांगला दोन महिने राहतो. काळा रंग शनीचा, तीळ शनीचे. घरधन्याच्या आवडीचे नेसून, त्याच्या आवडीचे खाऊन आपण हा सण करतो आणि वर म्हणतो की गोड बोला. ही गोष्ट मी कितीदा तरी हळदीकुंकवाला सांगितली आहे. पण ती मला स्वतःला कळायला फार उशीर लागला.

पंचांगाच्या जाणकार भगिनी म्हणतील की उत्तरायण खरे तर २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. बरोबर आहे. अयनचलनामुळे आता एवढा फरक पडला आहे. तरी सूर्य शनीच्या घरी असतानाच दिवस मोठा होत जातो, हे आपल्या डोळ्यांना दिसतेच. आणि उलट पाहा: तो स्वतःच्या घरी, सिंहेत, येतो तेव्हा ऑगस्टचा मध्य असतो, श्रावण-भाद्रपद चालू असतो, आणि मराठवाड्यात पाऊस बरा असेल त्या वर्षी घरचा मालक ढगाआड बसलेला असतो.

ग्रहांच्या उच्च स्थानांतही मला हेच दिसते. ग्रह उच्चीचा झाला की त्याचे बळ सर्वांत अधिक असे म्हणतात. पण ती उच्च रास कोणाची असते? सूर्य उच्चीचा होतो मंगळाच्या मेषेत. चंद्र शुक्राच्या वृषभेत. मंगळ तर शनीच्या मकरेत, म्हणजे बळाला शोभा येते कष्टाळू चाकराच्या घरी. गुरू चंद्राच्या कर्केत. ज्ञान मोठे होते ते आईच्या घरी, कारण चंद्र हा ज्योतिषात आईचा कारक. शुक्र गुरूच्या मीनेत. शनी शुक्राच्या तुळेत, तागडीखाली. एकटा बुध तेवढा आपल्याच कन्येत उच्चीचा होतो; बाकी साऱ्यांना त्यासाठी दुसऱ्याचा उंबरा ओलांडावा लागतो.

एका तरुण सभासद मुलीने मागे मला विचारले होते, "म्हणजे काकू, मुलीने सासरी गेल्यावरच तिचे चांगले होते, असेच ना?" नाही बाई, असा अर्थ काढायचा नाही. हा नियम सूर्यालाही आहे आणि मंगळालाही, तेव्हा जावयांनीही तो वाचावा! आणि दुसऱ्याच्या घरी उच्चीचा झाला म्हणून ग्रहाचे स्वतःचे घर कोणी हिसकावून घेत नाही. सिंह सूर्याचीच राहते. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की माहेरच्या सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी होते आणि सासरच्या सातबाऱ्यावर ते चढत नाही. २००५ सालच्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा दिला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून बायकोच्या नावे जमीन करून देण्याचा कार्यक्रम केला. आपल्या मंडळातल्या कितीजणींच्या नावावर घर किंवा वावर आहे, हे मी येथे हात वर करायला लावून विचारणार नाही.

स्वामी या शब्दाचा अर्थ नाना मालक असा करीत नसत, राखणदार असा करीत. ते अहिल्याबाईंचे उदाहरण देत. आपले अंबड एके काळी होळकरांकडे होते, त्यामुळे अहिल्याबाई आपल्याला परक्या नाहीत. १७६७ ते १७९५ एवढी वर्षे त्यांनी राज्य चालविले, पण राज्य शंकराचे मानले, आणि आज्ञापत्रावर 'श्रीशंकर' एवढेच लिहिले. आपले नाव घातले नाही. राशीचा स्वामी म्हणजे असा. तो घरी नसला तरी त्याच्या घराची काळजी त्याला असते, आणि घरी आलेल्या पाहुण्याला, तो शत्रू असला तरी, तो बाहेर काढू शकत नाही.

आता माझी गोष्ट. हे सांगू का, असे मी माझ्या सुनेला विचारले आहे. ती समोरच बसली आहे आणि तिने मान हलविली आहे, म्हणून सांगते.

पंचवीस-एक वर्षांपूर्वी माझ्या मुलासाठी एक स्थळ आले. मुलगी शिकलेली, मोकळी, घर आमच्यासारखेच. दोघांची एकदा भेट झाली होती आणि मुलगा घरी येऊन उगाच शीळ घालीत होता, ते मी पाहिले होते. पत्रिका आली. तुम्हाला माहीत आहे, छत्तीस गुण असतात: वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, राशिकूटाचे सात, नाडीचे आठ. ग्रहमैत्री म्हणजे मुलाच्या राशीचा स्वामी आणि मुलीच्या राशीचा स्वामी यांचे पटते की नाही. माझ्या मुलाची रास सिंह, मुलीची कुंभ. सूर्य आणि शनी. दोन्हीकडून शत्रुत्व. पाचांपैकी शून्य.

मी नानांना पत्र टाकले. ते तेव्हा थकले होते, तरी आठ दिवसांत त्यांचे आंतर्देशीय आले. "चि. ताईस अनेक आशीर्वाद. बावीस गुण जमतात. अठरा पुरतात. मुले एकमेकांस पसंत असल्यास करावे." आणि खाली, तिरक्या अक्षरात, "संक्रांत आठव." बस एवढेच.

मी ते वाचले आणि मला राग आला. मला वाटले, म्हातारपणी नाना ढिले पडले. मी अर्धवट शिकलेली. मला कोष्टकातला 'शत्रू' हा शब्द दिसत होता, बाकीचे बावीस गुण दिसत नव्हते. घरात रोज सूर्य-शनी लढतील, हे मी मनाशी धरून बसले. मुलाला सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. त्याने ताट पुढे सरकविले आणि उठला. मी मुलीच्या घरी निरोप धाडला की पत्रिका जमत नाही.

तो निरोप तेवढाच राहिला नाही. गावात तो फिरत गेला, आणि फिरता फिरता "तिची पत्रिकाच वाईट, शनी आहे" असा झाला. शनी तिच्या राशीचा स्वामी होता, एवढाच त्याचा गुन्हा! आणखी दोन स्थळे आली आणि दारातूनच परत गेली. मुलीचे लग्न व्हायला पुढे चार वर्षे लागली. हे मला त्या वेळी ठाऊकही नव्हते. एका नवरात्रात मत्स्योदरीच्या पायऱ्या उतरताना तिची आई वर येत होती. आम्ही समोरासमोर आलो. गर्दी होती, बाजूला सरायला जागा नव्हती. त्या माउलीने मला नमस्कार केला आणि शांतपणे विचारले, "बाई, माझ्या मुलीत काय कमी होते?" मी "पाच गुण" असे म्हणाले. तोंडातून तेवढेच निघाले. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मग मागचे लोक ढकलू लागले म्हणून वर निघून गेल्या.

ती मुलगी पुढे चांगल्या घरी पडली, सुखात आहे. माझ्या मुलाचाही संसार चांगला झाला. माझ्या सुनेला मी कधी काही बोलावे असे तिने वागणे केले नाही. तेव्हा शेवट गोड आहे असे कोणी म्हणेल. पण त्या चार वर्षांत त्या घरात किती संध्याकाळी कशा गेल्या असतील, याचा हिशेब मला कोणी विचारीत नाही म्हणूनच मी तो येथे मांडते आहे.

नाना गेल्यावर त्यांची पेटी उघडली. पंचक्रोशीच्या पत्रिका होत्या, आम्हा भावंडांच्या होत्या, गावच्या पाटलाच्या घोड्याचीसुद्धा एक होती! आईची नव्हती. आईची जन्मवेळ कोणी टिपून ठेवलीच नव्हती. त्या काळी पुष्कळ मुलींची टिपीत नसत. म्हणजे साऱ्या गावाच्या जुळवण्या करणारा हा माणूस स्वतः न जुळविता बोहल्यावर उभा राहिला होता. मी आईला विचारले, तर ती म्हणाली, "मला काय ठाऊक माझी रास कोणती. ते विचारीत, भाकरी झाली का? मी म्हणे, झाली."

ग्रहमैत्रीचे कोष्टक मी अजून अधूनमधून काढून पाहते. त्यात एक गोष्ट मला पूर्वी दिसली नव्हती. बुध हा पुराणात चंद्राचा मुलगा. तो चंद्राला शत्रू मानतो. शुक्र चंद्राला शत्रू मानतो, शनीही मानतो. आणि चंद्राच्या ओळीत शत्रूचा रकाना रिकामा आहे. तो कोणालाच शत्रू मानीत नाही. नानांनी हा रकाना मला शिकवताना मुद्दाम बोट ठेवून दाखविला असेल. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते, मला शिवाशिवी खेळायला जायचे होते.

असो. घड्याळाकडे चिटणीसबाई दोनदा पाहून झाल्या आहेत. एक निरोप राहिला तेवढा देते. गेल्या आठवड्यात आपल्या आळीतल्या एक भगिनी दोन पत्रिका माझ्याकडे ठेवून गेल्या, जुळतात का पाहा म्हणून. मुलाची सिंह आहे आणि मुलीची मकर. त्या पत्रिका माझ्या फडताळात आहेत, मी अजून उघडलेल्या नाहीत. त्या भगिनी आज येथे आहेत. त्यांनी उद्या चार वाजता चहाला यावे आणि येताना मुलीला बरोबर आणावे. तिला काय वाटते ते मला आधी ऐकायचे आहे.